स्मरणखूण

सर्व्हर बंद करावे लागणार हे मंजूषा वैरागडेला इतर कोणाच्याही आधी कळलं. ते आधी कळावं यासाठीच तिला नोकरीवर ठेवलेलं होतं. नागपूरच्या त्या मेंदूविकार संस्थेत ‘वैखरी’ यंत्रणेचे सगळे सर्व्हर तिच्या ताब्यात होते. कोणाचं खातं उघडायचं, कोणाचं काढून टाकायचं, कोणाला आत कुठवर येऊ द्यायचं, हे ती पाहत असे. सकाळी टेबलाशी बसून तिनं चिप बनवणाऱ्या कंपनीची सूचना वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि चहा तसाच ठेवून घरी जायला निघाली. पार्किंगपर्यंत गेली आणि परत फिरली. नवऱ्याला काय सांगायचं ते अजून तिचं ठरलं नव्हतं.

मुकुल घरी पलंगावर होता. भूजल सर्वेक्षणात आयुष्य काढलेला, विदर्भातली निम्मी खेडी पायाखाली घातलेला माणूस. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी मरत जाण्याचा आजार त्याला झाला. आधी हाताची बोटं गेली, मग पाय, मग जीभ, मग श्वास मशिनवर गेला. डोळे बरेच दिवस टिकले होते, तेही थांबले. आता पापण्यासुद्धा कोणीतरी मिटायच्या आणि कोणीतरी उघडायच्या. पण आत मुकुल होता. त्याला ऐकू येत होतं, कातडीला स्पर्श कळत होता, आणि उशाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून तो दिवसभर बोलत असे. स्वयंपाकाच्या बाईनं पोळ्या जाड केल्या तर वासावरून ओळखून तसं सांगत असे.

वैखरीनं साधलं होतं ते एवढंच. कवटीच्या आत, मेंदूच्या ज्या भागातून जिभेला आणि ओठांना हुकूम सुटतात त्या भागावर, केसाहून बारीक तारांची एक जाळी बसवायची. ‘पाणी’ म्हणायचं मनात आलं की ओठ हलोत न हलोत, तिथल्या पेशी एका ठरावीक तालात पेटतात. तो ताल सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर त्याचा आवाज करतो. पण प्रत्येकाचा ताल वेगळा. म्हणून माणसाला बोलता येत असतानाच त्याच्याकडून महिनोन्‌महिने बोलून घेऊन त्याचा एक नकाशा तयार करावा लागतो. वाचा गेल्यावर नवा नकाशा करता येत नाही. जो आहे तो हरवला, तर माणूस आत आणि आपण बाहेर.

हे नकाशे सांकेतिक लिपीत ठेवलेले असत, आणि ती लिपी उलगडणारी किल्ली सर्व्हरच्या आतल्या एका लहानशा चिपमध्ये. प्रत्येक सर्व्हरच्या बोर्डावर असा एक दुसरा, छोटा संगणक असतो. मोठं यंत्र झोपलं तरी तो जागा असतो. त्याची खाती वेगळी, पासवर्ड वेगळे. त्याच्यावर ज्याचा ताबा, त्याचा सगळ्या यंत्रावर ताबा.

सुरुवातीच्या काळात तिथं एक पालक-खातं असे. पेशंटचं काही अडलं तर घरच्यांना मधे पडता यावं म्हणून. मग कुठल्याशा शहरात एका मुलानं त्या खात्यातून आपल्या बापाच्या तोंडी वाक्य घातलं, ‘मी कंटाळलो, माझं मशिन बंद करा.’ आवाज बापाचाच होता. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर आलं, आणि मशिन बंद झालं. ते उघडकीला आल्यावर नियम ठरवायला समिती बसली. मंजूषा त्या समितीवर होती. पालक-खातं मुळातूनच काढून टाका, हा आग्रह तिचा. “दार एकच असू द्या,” ती म्हणाली होती, “आणि किल्ली त्या एकाच माणसाच्या डोक्यात.” तेव्हा मुकुल चांगला चालता-फिरता होता, समितीच्या बैठकांना तिला स्टेशनवर सोडायला येत होता.

तेव्हापासून पासवर्ड म्हणजे एक आठवण. पेशंटनं नोंदणीच्या वेळी आयुष्यातला एक क्षण निवडायचा आणि तो मनात पुन्हा पुन्हा जगायचा. त्या वेळी मेंदूत उमटणारा आकार चिप लक्षात ठेवते. त्या आकाराला म्हणायचं स्मरणखूण. सर्व्हर कधी बंद पडला की प्रत्येकानं आपली स्मरणखूण देऊनच पुन्हा आत यायचं. ऐंशी टक्के जुळलं की दार उघडतं. तीन वेळा चुकलं की चिप किल्ली पुसून टाकते, आणि मग ती कोणालाच परत आणता येत नाही, चिप बनवणाऱ्यालाही नाही. मुकुलची नोंदणी मंजूषानंच केली होती. नियमाप्रमाणे त्या वेळी ती खोलीबाहेर उभी होती, आणि नंतरही तिनं कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या मुलीचा, ओवीचा जन्म असेल, असं तिनं आपलं धरून ठेवलं होतं.

संध्याकाळी तिनं त्याला सांगितलं. चिपमध्ये दोष निघालाय. संस्थेच्या जाळ्यात शिरलेला कोणीही माणूस चिपचा मालक होऊन बसू शकतो. दुरुस्ती घालायची तर सगळं बंद करून पुन्हा चालू करावं लागेल.

“म्हणजे मला परत आत यावं लागेल,” स्पीकरमधून मुकुल म्हणाला.

“हो. आधी एकदा चाचणी घेऊन बघू. खातं उघडं आहे तोवर चाचणी कितीही वेळा करता येते. ती मोजली जात नाही.”

तिनं चाचणी लावली. मुकुल आठवू लागला. श्वासाच्या मशिनचा आवाज तेवढा येत राहिला. थोड्या वेळानं तिच्या फोनवर आकडा आला. त्रेसष्ट.

“किती?”

“थोडं कमी आहे,” ती म्हणाली. “उद्या परत बघू.”

दुसऱ्या दिवशी बासष्ट आला. तिसऱ्या दिवशी तिनं आकडा न लपवता सांगितला.

“मग बदलून टाकू या ना ही खूण,” मुकुल म्हणाला. “दुसरं काहीतरी घेतो.”

“बदलण्याआधी जुनी द्यावी लागते.”

स्पीकरमधून हसण्याचा आवाज आला. वैखरीला हसणं नीट जमत नसे, खोकल्यासारखं वाटे. “बँकेसारखंच केलंत की तुम्ही.”

डॉक्टर नगराळे पहिल्यापासून मुकुलला पाहत होते. ते घरी आले, पलंगाशी खुर्ची ओढून बसले आणि नव्या तपासण्यांमध्ये काय दिसलं ते त्यांनी त्याच्यादेखतच सांगितलं. आजार आता स्नायूंपुरता राहिलेला नाही. मेंदूच्या बाजूच्या भागात, जिथून आठवणी गोळा होऊन येतात तिथं, पोचतो आहे. आठवण पुसली गेलेली नाही, पण तिचे तुकडे वेळेवर एकत्र येत नाहीत. बाहेरून आधार दिला तर येतात. त्या जागेचा वास, आवाज, कोणीतरी शेजारी बसून शब्दांनी ती जागा उभी करणं, यानं जुळणी वाढल्याची उदाहरणं आहेत.

“पण त्यासाठी ती आठवण कोणाला तरी ठाऊक पाहिजे,” डॉक्टर म्हणाले. “मुकुलराव, वहिनींना सांगून टाका.”

“ती सांगण्यासारखी नाही,” मुकुल म्हणाला.

मंजूषा डॉक्टरांना सोडायला फाटकापर्यंत गेली. परत आली तेव्हा तिनं काही विचारलं नाही. त्याच्या तोंडातली लाळ नळीनं ओढून घेतली, कूस बदलली, टाचांखाली उशी सरकवली. सगळं रोजच्यासारखं केलं, पण हात रोजच्यापेक्षा कोरडे होते, आणि ते त्याला कळलं असणार, कारण तोही त्या संध्याकाळी काही बोलला नाही.

ऑफिसात तिनं मुदत मागून घेतली. वैखरीवरच्या पेशंटांना तयारीला वेळ हवा, असं कारण दिलं. ते खोटं नव्हतं, पण बाकीच्या सगळ्यांच्या चाचण्या ठीक होत्या. एका दुपारी तिनं चिपचं नियंत्रण उघडलं आणि मुकुलच्या सर्व्हरसाठी पालक-खातं तयार करायचा प्रयत्न केला. अशी सोयच उरलेली नाही, असं उत्तर आलं. ती ते उत्तर बघत बसून राहिली. मग इंदूरच्या एका इस्पितळातून बातमी आली. कोणीतरी बाहेरून शिरलं होतं आणि एका म्हाताऱ्या बाईंच्या स्पीकरमधून दुपारभर घाणेरड्या शिव्या येत होत्या. बाई कीर्तनकार होत्या. नातवंडं खोलीत होती. त्यानंतर मुदत मागायला तिला तोंड राहिलं नाही. पुढच्या सोमवारची तारीख ठरली.

ओवी पुण्याहून आली. “बाबा, सांग ना आईला,” ती म्हणाली. “काहीही असू दे. कोणी बाई असेल तर तसं सांग. आता काय फरक पडतो?”

“बाई नाही ग.”

“मग?”

“आईला पाठव. तू जरा बाहेर बस.”

मंजूषा आत आली. खिडकीशी उभी राहिली, म्हणजे त्याच्या उघड्या डोळ्यांसमोर नव्हे.

“सिरोंच्याच्या पुढे,” मुकुल म्हणाला, “इंद्रावती जिथं गोदावरीला मिळते तिथं. विहिरींच्या पाहणीला गेलो होतो. ओवी दोन-अडीच वर्षांची असेल. जीप बंद पडली. ड्रायव्हर पार्ट आणायला गावात गेला. फोनला रेंज नव्हती. माघ संपत आला होता, पाणी खाली गेलेलं, मधले खडक उघडे पडलेले. मी चालत एका खडकावर गेलो आणि आडवा पडलो.”

“मग?”

“मग काहीच नाही. खडक तापलेला होता. दोन्ही बाजूंनी पाणी जात होतं. मी कुठं आहे हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. मला कोणी हाक मारणार नव्हतं. कोणाचा मुलगा नाही, कोणाचा साहेब नाही. अंगाला वजन नव्हतं. ड्रायव्हर परत येईपर्यंत तसा पडून होतो. तेवढंच.”

मंजूषा खिडकीतून बाहेर पाहत राहिली. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी कुरडया वाळत घालत होतं.

“आणि आम्ही?” तिनं विचारलं.

“तुम्ही नागपुरात होतात. सुखरूप होतात. म्हणूनच तर.”

त्यात दुसरी बाई असती तर मंजूषाला रागवता आलं असतं. यात रागवायला कोणी नव्हतंच. आयुष्यात निवडायचा एकच क्षण, आणि त्यात त्यानं कोणालाच घेतलं नव्हतं. ती त्याच्या पायाशी येऊन बसली.

“खडक कसा होता?” थोड्या वेळानं तिनं विचारलं. “काळा?”

“काळसर. मधून पांढरी रेघ गेलेली.”

पुढचे दोन दिवस तिनं आणि ओवीनं जमेल ते सगळं केलं. ओवीनं नदीचे आवाज शोधून आणले. वाहत्या पाण्याचा चालेना, खडकाला वळसा घालणाऱ्या पाण्याचा हवा, असं मुकुल म्हणाला, तर तोही तिनं शोधला. गच्चीवर उन्हात फरशी तापवून त्याच्या तळहाताखाली आणि मानेखाली दिली. मंजूषा त्याच्या कानाशी बसून बोलत असे. जीप रस्त्याच्या कडेला आहे. ड्रायव्हर गेला. तू वाळूतून चालतोयस. कोणीही तुझी वाट बघत नाही. हे वाक्य तिनं इतक्या हळुवारपणे म्हटलं की ओवी उठून स्वयंपाकघरात निघून गेली.

पहिल्या चाचणीत आकडा एकाहत्तरवर गेला. मंजूषानं लगेच डॉक्टर नगराळ्यांना फोन केला. दुसऱ्या चाचणीत चौसष्ट. मग अठ्ठावन्न. मग चोपन्न. ती बोलत गेली आणि आकडा उतरत गेला.

डॉक्टर आले. ते म्हणाले, आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. दर वेळी ती बाहेर काढली की ओली होते आणि परत ठेवताना नव्यानं वाळते. ओली असताना भोवतालचं जे असेल ते तिला चिकटतं, खोलीतला वास, ऐकणाऱ्याचा चेहरा, सांगताना मनात आलेली अपराधी भावना. निरोगी माणसात जुना भाग घट्ट असतो म्हणून हे फारसं जाणवत नाही. मुकुलचा जुना भाग आता घट्ट राहिलेला नाही. “हे आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं,” ते म्हणाले.

ते गेल्यावर मुकुलनं मंजूषाला हाक मारली. मग म्हणाला, “मंजू, तू येऊन बसतेस तिथं.”

“कुठं?”

“खडकावर. पायाशी. काही बोलत नाहीस. पण असतेस.”

“मग मी गप्प बसते. ओवी बोलेल.”

“त्यानं काय होणार? मी तिथं गेलो की आधी तूच दिसतेस. जा म्हटलं तरी जात नाहीस.” मग तो म्हणाला, “तुझा दोष नाही. वाईट वाटत नाही तू आलीस त्याचं. पण चिपला काय सांगणार.”

रविवारी त्यांनी शेवटचं बोलून घेतलं. शेवटचं असं कोणी म्हणालं नाही. ओवीला त्यानं तिच्या कामाबद्दल विचारलं, तिच्या मित्राबद्दल विचारलं, मुलगा बरा वाटतो म्हणाला. मग मंजूषा त्याला एकेक विचारत गेली. डाव्या कुशीवर बरं वाटतं की उजव्या? उजव्या. पंखा किती ठेवायचा? दोनवर, अंगावर सरळ नको. टीव्ही? अजिबात नको. बातम्या? सकाळच्या चालतील, संध्याकाळच्या नकोत. कोणी भेटायला आलं तर? आलं तर येऊ दे, पण त्यांनी माझ्याशी मोठ्यानं बोलू नये, मी बहिरा नाही. खाज येते ती कुठं? डाव्या भुवईच्या वर, आणि सांगता येणार नाही तेव्हा दिवसातून दोनदा तिथं बोट फिरव. तिनं सगळं नीट लक्षात ठेवलं.

“आणि मशिनचं?” तिनं अगदी शेवटी विचारलं.

“ते मी आज कसं सांगू?” मुकुल म्हणाला. “आज मला बोलता येतंय.”

सोमवारी ती ऑफिसात गेली. हे काम दुसऱ्या कोणावर सोपवता आलं असतं, पण तिनं सोपवलं नाही. सगळ्या पेशंटांच्या नावांसमोर हिरवे ठिपके होते. तिनं एकेक खातं बंद केलं. मुकुलचं करण्याआधी घरी फोन लावला आणि ओवीला फोन त्याच्या स्पीकरजवळ धरायला सांगितलं.

“करते रे.”

“कर,” तो म्हणाला. “आणि उन्हाची येऊ नको, थोडा वेळ थांबून मग नीघ.”

दुरुस्ती झाली. सर्व्हर उठले. दुपारपर्यंत बाकीचे सगळे एकामागून एक आत आले. वर्धेच्या एका वकिलांनी तर आत येताच तिला फोनवरून दमही दिला, इतका वेळ का लागला म्हणून. ते ऐकून घेऊन मंजूषा ऊन उतरायची वाट न पाहता घरी आली.

पहिल्या प्रयत्नाच्या वेळी ती, ओवी आणि डॉक्टर खोलीत होते, भिंतीला लागून. एकोणसाठ. दुसऱ्या वेळी ते दिवाणखान्यात जाऊन बसले. अडुसष्ट. डॉक्टर म्हणाले, आता थांबू या, दोन-चार दिवस त्याला विसरू द्या. ते थांबले. पण विसरायचं काय आणि ठेवायचं काय हे आत कोण ठरवणार होतं? दर दिवसानं आजारही पुढं जात होता. डॉक्टरांनी तपासणी बघून सांगितलं, आता आणखी थांबण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या वेळी मंजूषानं सगळ्यांना घराबाहेर काढलं. बाईला सुट्टी दिली. ओवीला घेऊन ती फाटकाबाहेर, मग गल्लीच्या टोकापर्यंत गेली, पिठाच्या गिरणीसमोर उभी राहिली. घरात मुकुल एकटा होता. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो पूर्ण एकटा होता. तिनं फोनवरून प्रयत्न सुरू केला आणि मनातल्या मनात त्या खडकावरून उठून, वाळूतून, जीपकडे, जीपच्याही पलीकडे चालत गेली.

आकडा आला. अठ्ठ्याहत्तर.

त्याखाली चिपचा ठरलेला मजकूर उमटला, तिनंच कधीकाळी शब्द निवडून दिलेला. या खात्याची किल्ली नष्ट करण्यात आली आहे.

ओवी रडायला लागली. मंजूषा तिला म्हणाली, “चल लवकर, तो एकटाच आहे.”

महिनाभरानं ऑफिसात तिनं मुकुलचं खातं काढून टाकलं. जागा थोड्या होत्या आणि वाट पाहणारे पुष्कळ. ती जागा भंडाऱ्याच्या एका शाळाशिक्षिकेला मिळाली. वासंती कोहपरे त्यांचं नाव, बोलताना जीभ नुकती अडखळू लागलेली. नोंदणीच्या खोलीत त्यांनी विचारलं, “मॅडम, काय आठवू? चांगलं असावं का?”

असं विचारणाऱ्यांना द्यायचं उत्तर संस्थेनं ठरवून दिलेलं होतं. मंजूषा म्हणाली, “तुम्हाला सहज आठवेल असं काहीही.” मग थांबून म्हणाली, “आणि ते कोणाला सांगू नका. किती जवळचं माणूस असलं तरी.” आणि नियमाप्रमाणे बाहेर येऊन उभी राहिली.

घरी ती सगळं त्यानं सांगितल्याप्रमाणे करत असे. उजवी कूस, पंखा दोनवर, सकाळच्या बातम्या, भुवईवर बोट. ते झालं की खुर्ची ओढून त्याचा हात हातात घेऊन बसे. तो आत होता याबद्दल डॉक्टरांना शंका नव्हती. एकदा अशीच बसलेली असताना तिच्या लक्षात आलं, की त्या रविवारी तिनं सगळं विचारलं, एवढंच विचारायचं राहिलं. आपण जवळ बसावं की बसू नये?

तिनं हात सोडला. त्याच्या पापण्या मिटवल्या, खोलीबाहेर आली आणि दार ओढून घेतलं. बाहेर बराच वेळ उभी राहिली. आत श्वासाचं मशिन चाललं होतं. मग तिला वाटलं, त्याला आता कोणीतरी हवं असेल तर? तिनं दार उघडलं, आत गेली, आणि पलंगापासून थोडी दूर, मधेच उभी राहिली.